कूस

नारिनमध्ये जानेवारीत उणे अठ्ठावीस.
दोनचा गजर.
मी उठतो, अर्धं घमेलं कोळसा शेगडीत टाकतो,
तळहात काखेत धरून ऊब आणतो,
मग अंधारातच सांगतो: आई, वळवतोय.

सांगायचं. सायरागुल नर्सचा पहिला नियम.
"ते पोतं नाहीये, तिलेक.
आधी तोंड, मग हात."

वीस वर्षं ट्रकांखाली उताणा पडलेला माणूस मी.
कामाझचा गिअरबॉक्स एकट्यानं उतरवलाय.
पण अठ्ठेचाळीस किलोची आई
पहिल्या दिवशी हलेना.
उजवा हात धरून ओढणार,
तोच सायरागुलनं मनगटावर चापट दिली.
झोपलेल्या हाताला ओढलंस
तर खांदा निखळेल तिचा.
गुडघा दुमड. एक तळवा खांद्यामागं, एक कमरेमागं.
आता घाई करू नकोस.

आणि आई वळली,
तेल दिलेल्या बिजागरीवर दार वळावं तशी.

पाठीला उशी, गुडघ्यांमध्ये उशी,
टाचा अधांतरी.
चादर बदलायची तीही माणूस न उठवता:
अर्धी गुंडाळून पाठीशी सारायची,
कूस बदलायची,
पलीकडून ओढून घ्यायची.
सुरकुती राहिली तर ती रात्रभर चावते.
भरवताना बसवून, हनुवटी किंचित खाली,
लहान चमचा.
गिळलेलं डोळ्यांनी बघायचं,
मग दुसरा.
हे सगळं मी गॅरेजच्या वहीत लिहिलंय,
ब्रेक ऑइलच्या उधारीखाली.

शेजारची बुरमा म्हातारी म्हणते,
तू सातव्या महिन्यातला.
तुझ्या आईनं तुला लोकरीत गुंडाळून कुशीत ठेवला,
दर दोन तासांनी थेंब थेंब दूध.
आख्खा हिवाळा.
आई यातलं कधी काही बोलली नव्हती.
आता तर बोलणंच गेलं होतं.

फेब्रुवारीत एका रात्री मला गजर ऐकू आला नाही.
साडेसहाला बल्ब लावला.
माकडहाडावर लाल डाग,
पाच सोमच्या नाण्याएवढा.
चोळायचा नाही, हे आठवलं.
अंगठ्यानं दाबायचा, सोडायचा, बघायचं.
दाबल्यावर फिका पडला तर अजून वेळ आहे.
लालच राहिला, तर आतून सुरुवात झाली.

मी दाबला.
बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता.
अंगठा उचलला
तेव्हा त्याच्याखाली पांढरा ठसा होता,
आणि तो सावकाश भरत आला.
मी तिला त्या हाडावरून उतरवलं,
मग भिंतीला टेकून बसलो.
पाय थरथरत होते.

आणि मग मार्चमधली ती दुपार.
शोर्पोचं पातेलं कलंडलं,
मनगटापासून कोपरापर्यंत कढत रस्सा.
मी फडताळाकडे धावलो,
मेंढीच्या शेपटीच्या चरबीची बरणी.
आमच्या गल्लीत भाजल्यावर सगळे तीच फासतात.
झाकण निघालं होतं,
तेवढ्यात पलंगावरून आवाज आला.

"सू."

आमच्याकडे पाण्याला सू म्हणतात.
चार महिन्यांत तिचा पहिला शब्द,
आणि त्यात रागही होता.
डावा हात उचललेला, बोट नळाकडे.

डिसेंबरात चहा पिता पिता सायरागुल बोलून गेली होती:
भाजलं तर वाहतं पाणी, वीस मिनिटं,
चरबी नाही, लोणी नाही.
मी बिस्किट बुडवत होतो.
आई डोळे मिटून पडलेली.
आम्हाला वाटलं, झोपलीय.

नळाखाली हात धरून उभा राहिलो.
सात मिनिटांनी काढू लागलो,
"सू."
बाराव्या मिनिटाला परत.
घड्याळ तिच्या समोरच्या भिंतीवर,
मीच टांगलेलं.

रात्री दोनला स्वच्छ फडकं गुंडाळलेल्या हातानं
पांघरूण बाजूला केलं.
वळवतोय, म्हणालो.
तिनं डावा गुडघा
माझ्याआधीच दुमडून ठेवला होता.